अकरा नोंदी

विमल झाडेच्या दुकानातून आजवर एकही लॅपटॉप रिकाम्या पोटी परत गेला नव्हता. दुरुस्ती कसलीही असो, बिजागरी बदललेली असो नाहीतर नुसती धूळ झाडलेली, गिऱ्हाइकाच्या हातात मशीन द्यायच्या आधी ती बॅटरी शंभर टक्के भरायची. गिऱ्हाईक घाईत असलं तरी त्याला चहा पाजून बसवून ठेवायची, पण ब्याण्णववर मशीन सोडायची नाही. चंद्रपुरात बल्लारपूर रस्त्यावरच्या त्या लहानशा दुकानाचं नाव त्यामुळेच झालं होतं.

ही खोड तिच्या आईची. मूल गावी त्यांच्या घरी शेजारणीची वाटी आली की ती रिकामी परत जात नसे. काहीच नसलं तर आई चिमूटभर साखर टाकायची, साखर नसली तर दोन हिरव्या मिरच्या. रिकामं भांडं परत देणं म्हणजे समोरच्याच्या घरात उणेपणा धाडणं, असं ती मानायची. विमल आता चोपन्न वर्षांची होती, बॅटरी-देखभालीचा परवाना काढून तिला सात वर्षं झाली होती, नागपूरला तीन दिवसांचं प्रशिक्षण घेऊन ती परीक्षेत पहिली आली होती. पण अर्धं भरलेलं मशीन कुणाच्या हातात द्यायचं म्हटलं की तिचा हातच पुढे होत नसे.

आणि नव्या बॅटऱ्यांचं सगळं शास्त्र नेमकं उलटं सांगत होतं.

जुनी बॅटरी मरायची ती आतल्या भेगांमुळे. चार्ज करताना आतले थर फुगतात, वापरताना आकसतात. रोजच्या या फुगण्या-आकसण्यानं थरांना तडे जातात, तड्यांमधून धातूचे सुईसारखे काटे वाढतात आणि एखादा काटा पलीकडच्या थराला टेकला की बॅटरी पेट घेते. अशाच एका आगीत एका वसतिगृहातली एकोणीस मुलं गेली, तेव्हा सरकार जागं झालं. त्यानंतर सांधणारी बॅटरी आली. तिच्या थरांमध्ये डिंकासारखा एक पदार्थ भरलेला असतो. तडा गेला की तो डिंक वाहत जाऊन तडा बुजवतो. एका बॅटरीवर लॅपटॉप पंधरा-पंधरा वर्षं चालू लागले.

फक्त एक अट होती. डिंकाला वाहायला जागा लागते. बॅटरी निम्मी भरलेली असली तर थर सैल असतात आणि सांधण्याचं काम नीट होतं. ती काठोकाठ भरून ठेवली तर थर फुगून एकमेकांना घट्ट चिकटतात, डिंक जागच्या जागी अडकतो. त्यात उन्हाळा असेल तर तो तिथेच वाळून कडक होतो, आणि पुन्हा कधी वाहत नाही. म्हणून कंपनीच्या पुस्तिकेत पहिल्याच पानावर लिहिलेलं असे: एरवी पन्नास टक्क्यांवर ठेवा, पूर्ण भरायचीच तर वापराच्या तासभर आधी भरा. बॅटरीतली एक चिप न बुजलेले तडे मोजत राहते. मोजणी हद्दीजवळ आली की ती वीज वाचवायला एकेक भाग बंद करत जाते, आणि हद्द ओलांडली की बॅटरीला कायमचं कुलूप घालते. आगीपेक्षा मेलेली बॅटरी बरी, असा त्यामागचा विचार. त्यात चुकीचं काही नव्हतं.

परीक्षेत हाच प्रश्न आला होता. विमलने उत्तर बरोबर लिहिलं होतं. मग दुकानात येऊन ती पूर्वीसारखीच शंभरापर्यंत भरत राहिली. बॅटरी निम्म्यावर थांबवून ठेवायची सोय लॅपटॉपमध्ये असायची, ती विमल स्वतःच काढून टाकायची. गिऱ्हाइकांना ती नको असे, पन्नासचा आकडा पाहून त्यांना फसवल्यासारखं वाटे. पुस्तिका थंड देशातल्या साहेबांनी लिहिली आहे, आपल्याकडे केव्हा लाइन जाईल याचा नेम नाही, असं विमल त्यांना सांगायची आणि स्वतःलाही.

लाइन जाण्याचं मात्र खरंच होतं. दोन हजार त्रेचाळीसचा तो उन्हाळा. पारा अठ्ठेचाळीसच्या खाली उतरायला तयार नव्हता. एप्रिलच्या मध्यापासून घरगुती वीज बारा ते पाच बंद ठेवायचा नियम होता, त्याला सगळे दुपारबंद म्हणत. ज्यांना चालता येई ते महापालिकेच्या थंडघरात जाऊन बसत. ज्यांना येत नसे ते घरी, ओल्या वाळ्याच्या पडद्यांमागे.

धनराज खोब्रागडे सर अशांपैकी एक होते. तीस वर्षं भूगोल शिकवलेला माणूस. शिरा सुकत जाण्याच्या आजारानं चार वर्षांत त्यांचे हात, पाय आणि जीभ नेली होती. राहिले होते डोळे. पलंगाला बसवलेल्या दांड्यावर लॅपटॉप समोर असे, त्यातला कॅमेरा त्यांची नजर ओळखे, आणि ते ज्या अक्षराकडे बघत ते उमटे. आवाज त्यांचाच होता, जुन्या धड्यांच्या ध्वनिफितींवरून बांधलेला. पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात एक चौकोन होता. त्याच्याकडे नुसतं पाहिलं की लॅपटॉप हाक मारे, "शशी."

शशिकला खोब्रागडे ही विमलची शाळेपासूनची मैत्रीण. नवऱ्याच्या घशात कफ साचला की हातपंपाच्या नळीनं तो ओढून काढायचा, हे काम ती दिवसातून पंधरा वेळा करायची. हाक आली की दहा पावलांत पोचायची. सर विमलला चार्जिंगवाली म्हणत, ती आली की तिला इरई नदी कुठून निघते ते विचारत आणि तिनं चुकीचं सांगितलं की यंत्राच्या आवाजात खूश होत. ती मुद्दाम चुकीचं सांगायची.

त्या लॅपटॉपची देखभाल विमलकडे होती. दुसऱ्या कुणाला तिनं हात लावू दिला नसता. दर महिन्याला उघडून साफ करायची, शंभर करून द्यायची, आणि शशिकलाला बजावायची की दुपारबंद आहे बाई, हा सरांचा आवाज आहे, याला चार्जरवरून काढू नको, शंभराच्या खाली येऊ देऊ नको. शशिकलानं दोन वर्षं हे व्रतासारखं पाळलं. मेच्या मध्यात तिचा फोन आला की पडद्याच्या कोपऱ्यात एक बारीक पिवळी खूण दिसते आहे. विमलच्या समोर त्या वेळी तीन गिऱ्हाइकं उभी होती. तिनं सांगितलं, रात्रभर लावून ठेव, जाईल.

सव्वीस मेच्या दुपारी दोन वाजता शशिकला सरांना नळीतून पेज द्यायला स्वयंपाकघरातून वाळ्याच्या पडद्याआड गेली. लॅपटॉप काळा पडला होता, आणि सर गेलेले होते.

*

मुलगा सुगत पुण्याहून आला. अंत्यविधी झाल्यावर तिसऱ्या दिवशी तो लॅपटॉप पिशवीत घालून विमलच्या दुकानात आला. बॅटरी बंद पडून माणूस दगावला तर परवानाधारकानं चिपमधली नोंद वाचून सात दिवसांत अहवाल द्यायचा, असा कायदा होता. देखभाल करणाऱ्यानंच तो देऊ नये, असंही त्यात म्हटलं होतं. पण दुसरा परवानाधारक नागपूरला, त्याच्याकडे तीन आठवड्यांची रांग. मावशी, तुम्हीच बघा, सुगत म्हणाला, परक्याला काय कळणार.

मग त्याने मनातलं बोलून टाकलं. "आई झोपली असेल, मावशी. चार वर्षं धड झोप नाही तिला, मी समजू शकतो. पण ती कबूलच करत नाही. मी जागीच होती, मले हाक ऐकू आली नाही, एवढंच म्हणते. बाबांनी हाक मारली नसेल असं कसं होईल?"

विमलनं त्याला पाणी दिलं आणि उद्या ये म्हणून सांगितलं. त्याच्या बोलण्यात राग होता, पण त्याच्याखाली वेगळंच काही होतं. गेल्या दिवाळीनंतर तो स्वतः घरी आला नव्हता.

तो गेल्यावर तिनं दुकानाचं शटर अर्धं ओढलं, बॅटरी बाहेर काढली आणि चिपला वाचकयंत्र जोडलं. बॅटरीच्या चिपमध्ये सगळं लिहिलेलं असतं. कधी भरली, किती तापली, किती तडे, आणि कुठल्या भागानं केव्हा वीज मागितली, ती दिली की नाकारली. विमलनं आधी तड्यांचा आलेख उघडला.

दुपारबंदचे तास सोडले तर दोन वर्षांत बॅटरी एकदाही नव्वदच्या खाली आली नव्हती. डिंक पहिल्याच उन्हाळ्यात वाळला होता. त्यानंतर पडलेला एकही तडा बुजला नव्हता. तेरा मेला मोजणी हद्दीजवळ आली, तेव्हा पिवळी खूण उमटली. त्या दिवशी जरी बॅटरी निम्म्यावर आणून सावलीत ठेवली असती, आणि सकाळी अकराला फक्त दुपारपुरती भरली असती, तरी नवे तडे कमी पडून आणखी काही महिने निघाले असते. नवी बॅटरी मागवायला आठ दिवस पुरले असते. हे सगळं तिला परीक्षेत लिहिता आलं होतं.

मग तिनं सव्वीस मेची दुपार उघडली.

एक वाजून बारा मिनिटांनी चिपनं स्पीकर बंद केला. वीज वाचवायची म्हणजे आवाज आधी, पडदा नंतर, असा तिचा क्रम. पडद्यावर तशी सूचनाही आली होती. ती सूचना सर वाचू शकत होते, दुसऱ्या कुणाला सांगू शकत नव्हते. पडदा चालूच होता, त्याचा उजेड वाळ्याच्या पडद्यातून स्वयंपाकघरात दिसत राहिला असणार.

एक एकवीस. स्पीकरची मागणी, नाकारली. पुढच्या ओळीतही तेच होतं. प्रत्येक मागणी सारख्याच लांबीची, दीड सेकंदाची. विमलनं बोट ठेवून ओळी मोजल्या. पुन्हा मोजल्या. एक एकवीस ते एक चाळीस, एकोणीस मिनिटांत अकरा. शेवटच्या तीन एकमेकींच्या अगदी जवळ होत्या. एक चव्वेचाळीसला बॅटरीनं स्वतःला कुलूप घातलं.

विमल टेबलावर डोकं टेकून रडली. सर अकरा वेळा हाकेच्या त्या चौकोनाकडे बघत राहिले होते, आणि प्रत्येक वेळी जिनं त्यांचा आवाज दाबला ती बॅटरी विमलनं प्रेमानं, काठोकाठ भरून दिलेली होती.

*

अहवालाच्या नमुन्यात कारणासाठी तीन रकाने होते: उत्पादनातला दोष, देखभाल करणाऱ्याची चूक, वापरणाऱ्याची हयगय. दुसऱ्या रकान्यावर खूण केली की परवाना जाणार आणि दुकान बंद होणार, हे सांगायला कुणी नको होतं. कदाचित खटलाही. शिवाय गावात तिनं शंभर करून दिलेली आणखी दीडेकशे मशीनं होती, त्यांची घरं तिच्या दारात येऊन उभी राहतील.

तिसऱ्या रकान्यावर खूण केली तर काहीच होणार नव्हतं. चार्जर शशिकलाच्याच घरात लागलेला होता, तो तिनंच काढला नव्हता, पिवळी खूण दिसूनही. चिप तेवढंच सांगत होती. कुणाच्या सांगण्यावरून, ते चिपला माहीत नव्हतं. शशिकलावर कारवाई कसली होणार, घरातल्याच माणसाला कायदा समज देऊन सोडतो. आणि ती अकरा हाकांची नोंद मागच्या पानावर जोडायची की नाही, हे चिप वाचणाऱ्यावर सोपवलेलं होतं. निदान तेवढं तरी शशीला कळायला नको, असं विमलनं स्वतःला समजावलं. माणूस आपली कातडी वाचवताना दुसऱ्याची दया येते असं सहज म्हणू शकतो, आणि त्या दिवशी विमलही तसंच म्हणत होती.

तिनं दोन अहवाल छापले. एक खरा, एक खोटा. रात्रभर ठरवून सकाळी खोट्यावर सही केली, खरा घडी करून त्याच पिशवीत ठेवला, आणि दहाच्या सुमाराला खोब्रागड्यांच्या घरी गेली.

दार उघडंच होतं. आत शिरता शिरता तिला सरांचा आवाज ऐकू आला.

"शशी."

"आली," स्वयंपाकघरातून शशिकला म्हणाली.

रिकाम्या पलंगाशी सुगत हातात फोन घेऊन बसला होता. तो आवाज फोनमधून येत होता, सरांच्या बांधलेल्या आवाजाची प्रत त्यात होती. मधे वाळ्याचा पडदा सोडलेला, आणि पलीकडे शशिकला पाटावर बसलेली, पुढ्यात परात. सुगतनं विमलकडे पाहिलं आणि नजर खाली घातली. आईनं सकाळपासून हेच चालवलंय, तो हलक्या आवाजात म्हणाला. दर वेळी आवाज एक घर कमी करायला सांगते. पडद्याआडून ऐकू येतो का बघते.

"अजून हळू कर," आतून शशिकला म्हणाली.

सुगतनं केला. विमलला पलंगाजवळ उभं राहूनही तो आवाज जेमतेम कळला.

"आली," शशिकला म्हणाली. मग पडदा बाजूला करून ती दारात आली. चार दिवसांत तिचं तोंड सुकून गेलं होतं. विमलला पाहून तिला नवल वाटलं नाही. "ऐकू येते मले, विमल. फोन पार बारीक केला तरी येते. मंग त्या दिवशी काहून नाही आलं? मी खरंच झोपली होती का? मले आठवते तर मी जागी होती. पण हा म्हणते तसंच असन. माणसाले आपली झोप कुठं आठवते?"

ती खाली बसली आणि पदरानं तोंड पुसायला लागली. रडत नव्हती. चार दिवस मुलगा जे म्हणत होता ते ती आता स्वतःच म्हणायला लागली होती.

विमलच्या पिशवीत सही केलेला कागद होता. तो काढून दिला असता तर काम दोन मिनिटांत झालं असतं. तिनं पिशवीत हात घातला आणि दुसरा काढला. आपण हे का केलं, ते तिला त्या क्षणी सांगता आलं नसतं. समोर बसलेली बाई स्वतःचे कान तपासत होती, एवढंच तिला दिसत होतं.

"तू झोपली नव्हती, शशी," ती म्हणाली. "हाक आलीच नाही. बॅटरीनं आवाज आधीच बंद करून टाकला होता."

मग तिनं सगळं सांगितलं. काही झाकलं नाही. डिंक, तडे, निम्म्यावर ठेवायचा नियम, आपण तो माहीत असून मोडला हे. पिवळ्या खुणेचा फोन, आणि समोर उभी असलेली तीन गिऱ्हाइकं. ती थांबली तेव्हा सुगतनं कागद हातात घेतला, वाचत वाचत मागच्या पानावर आला आणि त्याचे ओठ हलायला लागले. तो ओळी मोजत होता.

"काय आहे मागं?" शशिकलानं विचारलं.

सुगतनं कागद उलटा केला. तिनं पुन्हा विचारलं, या वेळी विमलला.

"सरांनी हाक मारली होती," विमल म्हणाली. "मशीननं ती बाहेर येऊ दिली नाही. एक एकवीसपासून."

"किती वेळा?"

खोटं बोलायची ती शेवटची जागा होती. एकदा म्हटलं असतं तरी चाललं असतं.

"अकरा."

सुगत उठून तिच्याजवळ गेला, गुडघ्यांवर बसला, आई, मला माफ कर, म्हणाला. तिनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला, पण तिचं लक्ष परातीकडे होतं.

"त्या वेळी मी अंबाडी निवडत होती," ती म्हणाली. "सरायचा आवाज नाही म्हणून मले किती बरं वाटलं होतं. म्हटलं, आज झोप लागली बिचाऱ्याले. पडद्यातून उजेड दिसून राहिला होता, म्हटलं सगळं ठीक आहे. गंज-पातेले घासायचे होते, ते पण नाही घासले. ताटली हातातून सुटली तं पदरावर झेलली. आवाजानं झोप मोडन म्हणून."

विमल तिच्या शेजारी बसायला पुढे झाली. शशिकलानं तळहात वर करून तिला तिथंच थांबवलं. तिची नजर विमलच्या पिशवीकडे गेली होती, वर आलेल्या दुसऱ्या कागदाच्या कोपऱ्याकडे.

"तो दुसरा कशाचा आहे?"

विमलनं तो काढून तिच्या हातात दिला. लपवण्यात आता काही राहिलं नव्हतं. शशिकलानं तो सावकाश वाचला, तिसऱ्या रकान्यावरची खूण आणि खालची सही. विमल तिच्या बोलण्याची वाट बघत उभी होती. शिव्या दिल्या असत्या तरी तिनं ऐकून घेतल्या असत्या, तिला त्या हव्याच होत्या.

"हाच द्यायले आली होती ना तू?"

"हो."

"मंग काहून नाही दिला?" शशिकला म्हणाली. "झोपली होती म्हणत मी जगली असती, विमल. थकेल बाई, लागली झोप. लोकायनं दोन दिवस बोललं असतं. मी जागी होती, दहा पावलावर होती, अन् मी आवाज होऊ नाही दिला. आता हे घेऊन मी कुठं जाऊ?"

खऱ्या अहवालावर विमलनं आपली सही केली, तिच्याखाली सुगतनं नातेवाइकाची केली, कारण सात दिवसांची मुदत होती आणि कुणीतरी ती करायला हवीच होती. विमल चपला घालून बाहेर पडली. पाठीमागे शशिकला मुलाला विचारत होती की एक एकवीसच्या पुढची वेळ काय आहे, आणि तो ती वाचून दाखवत होता.